रेघ दिसते, अक्षर नाही

२ सप्टेंबर

साडूबुवांस थोरल्या साडूचा नमस्कार, आणि नमस्कारामागोमाग एक डबा.

डबा उघडण्याआधी हे पत्र पुरतं वाचा. तुमची रीत मला ठाऊक आहे. आधी स्क्रू फिरवायचा, मग माहितीपत्रक शोधायचं, आणि काहीतरी जळल्याचा वास आला की मला विचारायचं.

तुमचं कार्ड आलं तेव्हा मी दुकानात एका पंपाच्या मोटरचं वाइंडिंग उकलत बसलो होतो. "तोंडानं बोलणं आता पुरे, तुमचं ते डिजिटल शिकवा," हे वाक्य दोनदा वाचलं. तीन वर्षं मी तुमच्या कानीकपाळी ओरडतोय, आणि तीन वर्षं तुमचं एकच उत्तर: "माणसाचा आवाज येत नसेल तर तो रेडिओ कसला, तो टाइपरायटर!" आता स्वतः होऊन शरण आलात. आपलं रविवारचं माइकवरचं बोलणं महिनाभर का चुकवत होतात, तेही उमगलं. माझ्यासमोर हार कबूल करायची लाज वाटत असणार. असू द्या. हौशी रेडिओच्या परीक्षेलाही मीच तुम्हाला बकोट धरून बसवलं होतं, हे विसरू नका म्हणजे झालं.

पत्र्याच्या डबीत मी घरी केलेला जोड आहे. एक टोक रेडिओच्या पाठीमागे, दुसरं लॅपटॉपला. तुम्ही टाइप करायचं. लॅपटॉप त्या अक्षरांच्या बारीक शिट्या करतो आणि रेडिओ त्या हवेत सोडतो. इकडे माझा लॅपटॉप त्या शिट्या ऐकून पुन्हा अक्षरं मांडतो. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. माणसाच्या कानाला जे खरखरीत हरवतं तेही यंत्र उचलतं. पडद्यावर एक निळा पट्टा वरून खाली ओघळत असतो आणि त्यात प्रत्येक स्टेशनची उभी रेघ उमटते. त्याला आम्ही धबधबा म्हणतो. धरणावर नोकरी करणाऱ्याला धबधबा काय शिकवायचा?

असली डबी बाजारात तयार मिळते. मी एक उघडून पाहिली होती. आतलं सोल्डरिंग बघून दोन दिवस जेवण गेलं नाही.

मेहुणीबाईंच्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर तरी निघत नाही. तोवर त्या आमच्याकडेच. तुम्ही वर एकटे आहात म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पडद्यावर रोज तुमची चार अक्षरं दिसली की त्या जेवतील, आणि त्या जेवल्या की तुमच्या आकडसासूबाई, म्हणजे आमची थोरली, मला बोलणार नाहीत. तेव्हा हे काम मनावर घ्या.

तुमचा,
थोरला साडू


१० सप्टेंबर

साडूसाहेब,

डबा पोचला. जीपवाल्यानं तो बटाट्यांच्या पोत्याखाली घालून आणला, तरी जिवंत आहे. तुमचं काम दणकट, हे तुम्ही सांगायच्या आत मीच लिहून टाकतो.

पत्र पुरतं वाचूनच सगळं जोडलं. पहिल्या दिवशी धबधब्यात पाण्याचा टिपूस नाही. मग कळलं की वायर माइकच्या भोकात घातलीय. दुसऱ्या दिवशी मात्र पडदा असा रंगला की बघत राहिलो. मी आवाजाच्या सगळ्या खुंट्या टोकापर्यंत नेल्या. जोरात सांगितल्याशिवाय कुणाला काही कळतं का? रेडिओवरची सुई नाचायला लागली. म्हटलं, वा, आता जग ऐकणार! तर कुठल्याशा लांबच्या माणसानं टाइप केलं: "बाबा रे, तुझी एक रेघ नाही, पाच आहेत. आमच्या रेघा पुसल्या जाताहेत." त्यानंतर मी हाक मारली की सगळे गप्प. वाळीत टाकल्यासारखं वाटतंय.

आणि हो, तुम्ही मला दिसता. म्हणजे तुमची रेघ दिसते, ठरल्या जागी, सरळ, तुमच्या स्वभावासारखी. पण तिच्यातून अक्षर निघत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

टेलिफोन करू नका. तो बंद पडलाय. धाकटीला सांगा, मी वेळेवर जेवतो आणि मफलर बांधतो. दोन्ही खरं आहे.

तुमचा,
धाकटा साडू


१३ सप्टेंबर

साडूबुवा,

पाच रेघा! लाज काढलीत. त्या डबीवर माझं नाव नाही ही देवाची कृपा.

नीट ऐका. हे माइकसारखं नाही. इथे जो ओरडतो त्याचं कुणाला कळत नाही. शिटी जोरात केली की ती फुटते, आणि फुटलेले तुकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगणात पडतात. लॅपटॉपचा आवाज कमी करत करत अशा जागी आणा की रेडिओवरची ती सुई निपचित पडली पाहिजे. हललीच नाही पाहिजे. तुम्हाला वाटेल, काही जातच नाहीये. जातं. माझ्यावर विश्वास ठेवा.

आता अक्षराचं. ही सगळी गंमत घड्याळावर चालते. पंधरा पंधरा सेकंदांचे खण आहेत. मी खणाच्या सुरुवातीला बोलायला लागतो आणि तुमचं यंत्र त्याच क्षणी ऐकायला बसतं. तुमचं घड्याळ दोन सेकंदांहून जास्त मागे किंवा पुढे असलं की सूत तुटलं. रेघ दिसते, अक्षर नाही. तुमच्याकडे इंटरनेट नाही, तेव्हा रोज सकाळी बातम्यांच्या आधी रेडिओवर टूं टूं ठोके वाजतात, त्यातल्या शेवटच्या ठोक्याला लॅपटॉपचं घड्याळ लावायचं. मी तुम्हाला दिलेल्या लॅपटॉपमधली घड्याळाची बॅटरी म्हातारी झालीय, तो रोज थोडा थोडा मागे पडणार. म्हणून रोज लावायचं. दात घासता तसं.

टेलिफोनचं म्हणाल तर आमच्याकडून घंटा जाते. नीट वाजते. दुरुस्तीवाल्याला सांगून ठेवा.

थोरला साडू


२४ सप्टेंबर

साडूसाहेब,

त्रिवार मुजरा! सुई निपचित पडली आणि तुम्ही प्रकट झालात. पडद्यावर "उशिरा का होईना, आलात" ही अक्षरं एकेक करून उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शप्पथ सांगतो, इतके दिवस मला वाटायचं की हे बिनआवाजाचं बोलणं म्हणजे मुक्या माणसांचा बाजार. तसं नाही. तुमचं वाक्य येत असताना मला तुमचा टोमणा कळतो, त्यातला ठेका कळतो. परवा धाकटीनं स्वतः टाइप केलं ना? "मफलर कुठला, निळा की राखी?" तुम्ही असलं कधी विचारणार नाही. तिला सांगा, राखी.

घड्याळ मी जीपवाल्याच्या मोबाइलवरून लावलं. खाली नेटवर्कमध्ये असतो तेव्हा त्याचा मोबाइल बरोबर वेळ धरतो. ते ठोक्याबिक्यांचं मला जमत नाही, रेडिओ फार खरखरतो.

इकडची बातमी म्हणजे एक भांडण. गेल्या पाळीला पाणी सोडलं तेव्हा खालच्या वळणावर एका मेंढपाळाची दोन मेंढरं वाहून गेली. काठी आपटत वर आला. नाचत होता नुसता. भोंग्याच्या मनोऱ्याकडे काठी रोखत होता, म्हणजे भोंगा न वाजवता पाणी सोडलंत, असंच म्हणणं असणार. म्हटलं, दादा, बावीस वर्षं इथे आहे, भोंग्याशिवाय दाराच्या चाकाला हात लावलेला नाही. केबिनमधलं बटण मी या अंगठ्यानं दाबलं, चांगलं मिनिटभर. तरी तो ऐकेना. हातवारे करत बडबडत राहिला. मेंढरांची भरपाई हवी असणार, दुसरं काय? शेवटी मीच पाठ फिरवली.

तुम्हाला त्र्याहत्तर. आपल्या लोकांत निरोप घेताना हा आकडा म्हणतात, हे मला कालच कळलं. तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाहीत.

धाकटा साडू


३० सप्टेंबर

साडूबुवा,

त्र्याहत्तरचा आकडा मी तुम्हाला परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करून घेतला होता. राहू द्या.

हे पत्र रागात लिहितोय आणि राग झाकणार नाही. माझ्या पडद्यावर प्रत्येक स्टेशनच्या नावापुढे त्याचं घड्याळ किती चुकतंय तो आकडा येतो. मी तुमचा आकडा रोज टिपतो. जीप येते त्या दिवशी तुम्ही काट्यावर असता. दुसऱ्या दिवशी थोडे मागे. तिसऱ्या दिवशी आणखी. मग अक्षरं तुटतात, आणि पुढची जीप येईपर्यंत मी नुसती रेघ बघत बसतो. म्हणजे आठवड्यातून एकदा, तेही दुसऱ्याच्या मोबाइलवरून, तुम्ही घड्याळ लावता. रोज सकाळी कान उघडा ठेवायला काय होतं? रेडिओ खरखरतो म्हणता. तो रेडिओ मी दुरुस्त करून दिलाय. तो खरखरत नाही.

मला आळस चालत नाही, साडूबुवा. मी शाळेचं तोंड फार पाहिलं नाही. जे शिकलो ते रोज तेच काम तसंच करून शिकलो. तुम्हाला एवढं शिकवण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आणि तुम्हाला सकाळचा एक क्षण काढवत नाही.

आणि टेलिफोन. आमच्या एक्स्चेंजमधला माणूस माझा गिऱ्हाईक आहे. त्यानं तपासून सांगितलं, लाइन ठणठणीत आहे, घंटा वाजते, कुणी उचलत नाही. रुसला आहात का? माझ्यावर रुसा, खुशाल. पण पलीकडे तुमची बायको रिसीव्हर धरून बसलेली असते. काल ती म्हणाली, "मी इथे येऊन राहिले ते त्यांना आवडलं नसेल का हो भाऊजी?" याला काय उत्तर देऊ?

थोरला साडू


८ ऑक्टोबर

साडूसाहेब,

पत्र पोचलं. पुरतं वाचलं. तुम्ही शिकवलंत म्हणून तुम्हाला बोलायचा अधिकार आहे, तेव्हा बोललात ते घेतलं.

यापुढे तुम्हाला जीपवाल्याच्या मोबाइलचाही त्रास नको. घड्याळ मी माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून लावीन. बावीस वर्षं त्या घड्याळावर मी धरणाचं दार उघडतोय, कुणाचं काही अडलं नाही. ठोके ऐकून वेळ लावणं आमच्या नशिबी नाही, एवढंच समजा आणि विषय सोडा.

धाकटीला सांगा, मी रुसलेलो नाही. ती तिथे आहे म्हणून तर मी निर्धास्त आहे. फोनचं मी बघतो.

येत्या बारा तारखेला दहा वाजता पाणी सोडायचंय. या खेपेला जास्त सोडायचा हुकूम आहे, दार दुप्पट उघडणार. त्या गडबडीत आहे. नोकरीची दोन वर्षं राहिलीत, ती सरळ जाऊ देत म्हणजे मिळवलं.

धाकटा साडू


१२ ऑक्टोबर, सकाळ

साडूबुवा,

हे लिहितोय तेव्हा तुम्ही दार उघडणार की नाही हे मला माहीत नाही. हात रिकामे ठेवले तर ते सारखे फोनकडे जाताहेत, म्हणून लिहायला बसलोय.

तुमचं पत्र काल संध्याकाळी आलं. दोघी बहिणी समोर बसल्या होत्या, मी मोठ्यानं वाचत होतो. "ठोके ऐकून वेळ लावणं आमच्या नशिबी नाही" इथवर आलो आणि मेहुणीबाई म्हणाल्या, "थांबा भाऊजी. ते मेंढरांचं पत्र आणा."

आणलं. पुन्हा वाचलं. त्या पायाखालची उशी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून कुकरच्या शिट्ट्या मोजत नाहीत ते. आधी मी पाच म्हटलं की पाचव्याला गॅस बंद करायचे. आता भात करपला की वासानं उठतात."

थोरली म्हणाली, "अगं, मग बोलली नाहीस कधी?"

"नवऱ्याचं लक्ष नसतं, ही काय सांगायची गोष्ट झाली?"

कुणी हसलं नाही. मी मोटर उघडण्याआधी तिच्या आवाजावरून दोष सांगतो म्हणून लोक लांबून माझ्याकडे येतात. आणि तुमचा फोन उचलला जात नाही, तुम्हाला ठोके चालत नाहीत, माइक नको झालाय, हे सगळं दोन महिने माझ्यासमोर पडलेलं असताना मी त्याला आळस म्हटलं. तुम्हाला ऐकू येत नाही, साडूबुवा. बहुतेक काहीच ऐकू येत नाही. तो मेंढपाळ बडबडत होता म्हणून लिहिलंत, काय बडबडत होता ते कुठे लिहिलंत?

पण मला घाम फुटला तो पुढच्या विचारानं. तुम्ही बटण दाबलंत यावर माझा काडीचा संशय नाही. भोंगा वाजला हे तुम्हाला कसं कळलं? बटण दाबलं म्हणून. तो भोंगा भिंतीपलीकडच्या मनोऱ्यावर आहे, केबिनमधून दिसत नाही. तिथली मोटर जळली असेल, वायर कुरतडली असेल, तर ते सांगायला एक कान लागतो. मेंढपाळ खोटं बोलत नव्हता. आज तुम्ही दार दुप्पट उघडणार आहात.

थोरली म्हणाली, "त्यांच्या ऑफिसला फोन करा. आत्ताच साहेबाचं घर शोधा. नदीत माणसं असतात."

मेहुणीबाई म्हणाल्या, "आधी त्यांना कळवा. हे त्यांच्या तोंडून जाऊ दे. दुसऱ्यानं सांगून नोकरी गेली तर ते पुन्हा मान वर करणार नाहीत." मग थोडं थांबून, "उद्या वेळ भरत आली तर मात्र करा. मी तुमचा हात धरणार नाही."

त्यांचं ऐकलं. चूक की बरोबर, देव जाणे.

सकाळी तुमची रेघ आली. नेहमीच्या जागी. अक्षर नाही. मनगटी घड्याळावर लावलंय म्हणालात, म्हणजे किती चुकलंय, पुढे की मागे, काही पत्ता नाही. तुम्हाला माझ्या घड्याळावर आणायला मार्ग नव्हता. मग मी माझं घड्याळ तुमच्यावर न्यायला घेतलं.

माझ्या दुकानात पाच घड्याळं आहेत आणि पाचही एका ठोक्याला वाजतात, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला चेष्टेनं सांगत असता. आज मी लॅपटॉपचं घड्याळ मुद्दाम एक सेकंद मागे केलं. खण भरायची वाट पाहिली. काही नाही. आणखी एक सेकंद. काही नाही. घाईत कीबोर्डचं बटण दोनदा दाबलं गेलं. मागे जाऊन जाऊन दमलो, मग पुढे न्यायला लागलो. सहा सेकंद पुढे गेलो आणि पडदा बोलायला लागला.

तुम्ही टाइप करत होता: "साडूसाहेब आहात का. तुमची रेघ दिसते. रागावलात का."

मी लिहिलं: "भोंगा बंद आहे. तुम्हाला ऐकू येत नाही हे कळलंय. दार उघडू नका."

एवढं वाक्य जायला दीड मिनिट लागलं. एक खण, दुसरा खण, तिसरा. या टाइप करून बोलण्याच्या पद्धतीची मी तुमच्यापाशी इतकी तारीफ केली होती. आज त्या मंदपणावर डोकं आपटावंसं वाटलं.

उत्तर आलं नाही. तुमची रेघ थांबली. मी तेच वाक्य पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं. धबधबा कोरडा. तुम्ही वाचलंत आणि रागानं उठून गेलात, की वाचायच्या आधीच दाराकडे निघालात?

पावणेदहा झाले आणि मी तुमच्या ऑफिसला फोन लावला. हे तुमच्यापासून लपवणार नाही. तो एंगेज आला. पुन्हा लावला. एंगेज. मेहुणीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत. थोरली दारात उभी राहून गाडी बघतेय, पण तुमच्यापर्यंत पाच तासांचा घाट आहे. गाडी मिळूनही काय उपयोग?

आता दहा वाजून गेलेत. फोन अजून एंगेज आहे.

घड्याळ मी तसंच ठेवलंय, सहा सेकंद पुढे.

थोरला साडू


१६ ऑक्टोबर

साडूसाहेब,

जीप खाली उभी आहे. तुमचं बारा तारखेचं पत्र आत्ता हातात पडलं आणि जीपवाला थांबायला तयार झाला, म्हणून एका बैठकीत लिहितो. त्या दुपारी "दार बंद आहे, सविस्तर पत्री" एवढंच टाइप केलं होतं. ते मिळाल्याचं तुम्ही कळवलंत, पण जे सांगायचंय ते पंधरा सेकंदांच्या खणांत मावत नाही.

तुमचं वाक्य मी पहिल्याच वेळी वाचलं. "भोंगा बंद आहे" हे नंतर वाचलं, आधी "ऐकू येत नाही" हेच दिसलं. असा संताप आला की लॅपटॉप मिटून टाकला. उन्हाळ्यात डावा कान गेला, भर पावसाळ्यात उजवा. कुणाला कळू दिलं नव्हतं. जीपवाल्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचो, तो हसला की मी हसायचो. आणि तुम्ही पाच तासांच्या अंतरावर बसून घड्याळाच्या आकड्यांतून मला उघडं पाडलंत. धाकटीसमोर.

तसाच केबिनमध्ये गेलो. पाणी सोडायची वेळ होत आली होती. म्हटलं, याला दाखवतोच भोंगा कसा बंद आहे ते. बटण दाबलेलं राहावं म्हणून ते चिंधीनं आवळून बांधलं, मनोऱ्याची शिडी चढलो आणि भोंग्याच्या पाठीवर तळहात ठेवला.

गार होता. दगडासारखा गार. एवढं मोठं धूड, चालू असलं तर मनोरा हादरतो. हाताला मुंगीसुद्धा चावली नाही.

वरून खालचं वळण दिसतं. चार बाया कपडे धूत होत्या. एक मूल पाण्यात बसून दगड रचत होतं. मी शिडीवर किती वेळ होतो मला सांगता येणार नाही.

खाली आलो आणि फोन उचलला. तुम्ही ऑफिसला लावलात म्हणून अपराध्यासारखं लिहिलंय. लिहू नका. तुम्हाला जो एंगेज लागत होता तो मी होतो. रिसीव्हर कानाला लावला, आत नुसती पोकळी. घंटा जातेय का, कुणी उचलला का, कळायला काही मार्ग नाही. मग नंबर फिरवून मनात वीस आकडे मोजले आणि बोलायला लागलो. मी अमुक धरणावरचा दारवान. मला ऐकू येत नाही. उन्हाळ्यापासून नाही. भोंगा बंद आहे हे मला कळलं नाही. गेल्या पाळीला दोन मेंढरं गेली ती माझ्यामुळे गेली. आज मी दार उघडत नाही. माणूस पाठवा. एवढं सांगितलं आणि वाटलं, कुणी उचललाच नसेल तर? पुन्हा वीस मोजले, पुन्हा सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस मध्येच बोलत असेल तर त्याला जागा हवी म्हणून थोडा थांबायचो आणि पुन्हा सुरू करायचो. चार वेळा सांगितलं. पहिल्यांदा जीभ जड झाली होती. चौथ्यांदा हवामानाच्या बातम्या सांगतोय असं वाटायला लागलं. मग ठेवला. कुणाला पोचलं की हवेत गेलं, काही कळलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, हे मात्र धाकटीला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेब नव्हते, ऑफिसचा शिपाई होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि जीपच्या धुळकट बॉनेटवर बोटानं लिहिलं, "फोन मीच उचलला होता. तुम्ही बोलूच देईनात."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी समोरच्याच्या आधी हसलो.

पुढचं त्यानं लिहून आणलेलं होतं. महिनाअखेरीला मी खाली, नकाशांच्या खोलीत. त्याआधी कानाच्या डॉक्टरकडे. मेंढपाळाचं बघतील. भोंग्याची मोटर उतरवायची आहे. नवा माणूस येईपर्यंत दार एकट्यानं उघडायचं नाही. खाली शेतं तापलीत, पाणी त्याच दिवशी सोडलंच पाहिजे. बावीस वर्षं, साडूसाहेब. तुमच्यावर राग आहे तो अजून पुरता गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन.

शिपायानं जीपमधून हातानं फिरवायचा जुना भोंगा काढला. भिंतीवर तो मांडला आणि दांडा धरला. मी चाकापाशी उभा राहिलो. तो फिरवायला लागला, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, दातओठ खाऊन फिरवत होता, आणि मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

मी वळणाकडे बघितलं. एका बाईनं मान वर केली. मग दुसरीनं. भराभर कपडे पिळायचे टाकून त्यांनी ते तसेच ओले पाठीवर घेतले, मुलाला दंडाला धरून उचललं आणि काठ चढायला लागल्या. सगळ्यांत मागची वर पोचून वळून उभी राहीपर्यंत मी बघत राहिलो.

शिपायाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मग मी चाकाला हात घातला.

धाकटा साडू